बिनभुताचा ट्रॅक

त्या मंडळात भुतांची फार धास्ती होती. अंधारातली भुतं नव्हेत हो, ट्रॅकमधली! जुन्या रेकॉर्डवरचं गाणं कॉम्प्युटरमध्ये घालायचं, त्यातला गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा आणि उरलेल्या वाद्यांवर आपण माइक धरून गायचं, एवढाच काय तो हौसेचा मामला. पण आवाज असा मुळासकट उपटून निघतो थोडाच? कुठेतरी मागे राहतोच. व्हायोलिनच्या आडून मूळ गायिकेचा एखादा सूर सरपटत जातो, कुठे तिचा शब्द बादलीत बोलल्यासारखा घुमतो. मंडळातले लोक त्याला भूत म्हणायचे. कोणी नवा ट्रॅक आणला की पहिला प्रश्न, "भूत आहे का?" मग सगळे डोळे मिटून, माना वाकड्या करून ऐकायचे, आणि कोणीतरी जिंकल्यासारखं बोट वर करायचं. "आहे! दुसऱ्या अंतऱ्याआधी. बाईंनी श्वास घेतला बघा." झालं. ट्रॅक बाद, आणि आणणाऱ्याचं तोंड एवढंसं.

गाणाऱ्यांच्या गळ्यांची एवढी झडती मात्र कोणी घेत नसे. घेणार कोण? सगळेच आपले बाथरूममधून थेट स्टेजवर आलेले. टाळ्यासुद्धा गाण्याला नाही, दोन कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्याला पडायच्या. गाणारा बिचारा माइक छातीशी धरून उभा, आणि समोरचे लोक हवेत बोटांनी गिटार वाजवतायत!

या मंडळात चष्मेवाले नाना होते. चष्म्याचं दुकान त्यांनी विकून टाकलं होतं, नाव तेवढं चिकटून राहिलं. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, खिशात लवंगांची डबी, आणि गळा म्हणाल तर बेताचा. वाईट नव्हता, म्हणजे कोणी उठून जावं असा नव्हता, पण कोणी थांबून ऐकावं असाही नव्हता. त्यामुळे कार्यक्रमात नानांचा नंबर कायम चहाच्या सुटीनंतर पहिला. अर्धे लोक कप घेऊन दारात, अर्धे मुतारीच्या रांगेत, आणि नाना स्टेजवरून रिकाम्या खुर्च्यांशी प्रेमाच्या आणाभाका घेतायत. वर्षानुवर्षं हेच. नाना हसून साजरं करायचे, पण आतून जळून कोळसा व्हायचे.

सगळ्यात शेवटचं गाणं म्हणायचा मान होता दाताच्या डॉक्टरांचा. डॉक्टरांकडे पैसा, परदेशात भाऊ, आणि त्या भावाच्या ओळखीने येणारे एकेक दुर्मीळ ट्रॅक. गळा नानांपेक्षा काकणभर कमीच. पण ट्रॅक असा की लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, आणि डॉक्टर त्या टाळ्या खुशाल आपल्या समजून वाकून घ्यायचे.

आता सगळ्या मंडळाचा जीव ज्याच्यात अडकला होता ते म्हणजे खिडकीचं गाणं. एका खिडकीत उभ्या राहिलेल्या बाईचं ते जुनं गाणं, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ. पण त्याचा धड ट्रॅक जगात कोणाकडे नव्हता. गायिकेचा आवाज वाद्यांमध्ये असा विणलेला की कितीही काढा, भूत राहायचंच. अध्यक्षांनी तर जाहीरच करून टाकलं होतं, "खिडकी जो बिनभुताची आणेल, वार्षिक कार्यक्रमात शेवटचं गाणं त्याचं. मग तो कोणी का असेना." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी नानांकडे पाहिलं आणि लोक हसले. नानाही हसले. काय करणार?

आणि मजा बघा, ती खिडकी नानांच्याच घरात, ट्रंकेच्या तळाशी, रजईखाली पडली होती.

नानांची बायको लग्नाआधी रेकॉर्डिंगला जायची. मोठी गायिका व्हायला नव्हे, डमी म्हणून. मोठ्या बाईंना मोकळ्या तारखा नसायच्या, वाद्यवाले तर रोजावर आलेले, ते थांबणार किती? मग त्यांना अंदाज यावा म्हणून काचेच्या खोलीत एक साधी मुलगी उभी करायची, ती पूर्ण गाणं म्हणायची, वाद्यांचं रेकॉर्डिंग उरकायचं. पुढे बाई यायच्या, डमीचा आवाज पुसून तिथे आपला भरायच्या. खिडकीचं गाणं असंच झालं होतं. तिचं लग्न ठरलं तेव्हा रेकॉर्डिंगवाल्या काकांनी तिला त्या टेपची एक प्रत भेट दिली. पत्र्याच्या गोल डबीत. वर चिठ्ठी चिकटवलेली, फितीच्या वरच्या पट्टीत वाद्यं, खालच्या पट्टीत मुलगी.

लग्नानंतर ती गायली नाही. नाना पाहुण्यांना सांगायचे, "घरात दोन-दोन गायक झाले तर ऐकणार कोण?" पाहुणे हसायचे. तीही हसायची आणि चहा टाकायला उठायची. मुलगी लहान असतानाच तिला गळ्याचा आजार झाला, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं. पुढची सगळी वर्षं ती कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून बोलली, आणि मागल्या थंडीत गेली.

डबी सापडली मुलीला. मुलगी म्हणजे छकू, आता चांगली औषधाच्या दुकानाची मालकीण, एका पोरीची, चिंगीची आई, पण घरात छकूच. आईच्या वस्तू आवरता आवरता तिने चिठ्ठी वाचली आणि तिथेच फरशीवर बसली.

"बाबा, ह्यात आई आहे."

"असेल असेल. जुनं काहीतरी."

"असेल काय? आहे! लिहिलंय की." तिचे डोळे भरले होते. "बाबा, मला आईचा आवाज आठवत नाही हो. खूप प्रयत्न करते. नळी घासल्यासारखा तो श्वास तेवढा आठवतो. ती मला छकू म्हणायची तेव्हा कसं म्हणायची, तेच डोक्यात येत नाही. मला हे ऐकायचंय. चिंगीला ऐकवायचंय. कोणाकडून तरी वाजवून आणा ना, तुमच्या त्या गाण्याच्या मंडळात असेल कोणी."

"आणतो की. त्यात काय एवढं!"

"नक्की?"

"अगं तुझ्या गळ्याची शपथ."

आणि त्या वेळी नानांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. चिठ्ठीतला पहिला भाग, वरच्या पट्टीत वाद्यं, हा त्यांच्या डोक्यात शिरला तो जिना उतरताना. उतरता उतरता ते मध्येच थांबले आणि कठड्याला धरून एकटेच हसले.

त्याच संध्याकाळी मंडळात त्यांनी बार उडवला. "खिडकी मिळाली म्हणतोय मी! मूळ वाद्यं. भूत राहायचा प्रश्नच नाही, आवाज टेपच्या वेगळ्या पट्टीत आहे."

 ज्यांनी आजवर नानांना चहानंतरच पाहिलं होतं ते खुर्च्या ओढून जवळ आले. अध्यक्षांनी चक्क स्वतःचा चहा त्यांच्यापुढे केला. "नाना, रविवारच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटचं गाणं तुमचं. छापतोच मी."

दाताचे डॉक्टर मात्र रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "छान छान. माझ्या भावालाही एक जण सापडलाय म्हणे. महिन्याभरात येईलच माझ्याकडे. पण तुम्ही आधी आणा की. आणलात तर."

ते 'आणलात तर' नानांच्या काळजात कुसळासारखं रुतलं.

जुन्या टेप वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एक टेपवाला होता, त्याची खोली एका गॅरेजच्या वर होती. भिंतभर जुनी यंत्रं, स्पिरिटचा वास, आणि खालून कोणी पत्रा ठोकत असलेला. टेपवाला मितभाषी माणूस. त्याने डबी उघडली, टेपचं टोक बोटावर घासलं, बोट तपकिरी झालं ते नानांना दाखवलं.

"सडलीय. वरचा थर सुटतोय. यंत्रावरून एकदा गेली की खरवडून निघणार. दुसऱ्यांदा नाही वाजायची."

"एकदा वाजली की बास की!"

"ऐका तर पुढे. माझ्या यंत्राची एकच बाजू जिवंत आहे. वायर बदलून मी एक तर वाद्यं घेऊ शकतो, नाहीतर आवाज. दोन्ही एकदम नाही येणार. दुसरं यंत्र मित्राकडे आहे, त्याचा एक भाग मागवलाय. दोन महिने थांबा. दोन्ही काढून देतो, अगदी स्वच्छ."

"दोन महिने?"

"इतकी वर्षं पडून होती ना? दोन महिन्यांनी काय बिघडतंय?"

आता काय बिघडतंय हे त्या बापड्याला कसं सांगणार? रविवार तोंडावर आलेला. कार्यक्रमपत्रिका छापलेली. दोन महिन्यांनी डॉक्टरांचा ट्रॅक येऊन जुना झालेला असणार, आणि नाना पुन्हा मुतारीच्या रांगेला गाणी ऐकवायला मोकळे. नानांच्या डोळ्यांपुढे छकू आली, नाही असं नाही. फरशीवर बसलेली.  मग ते स्वतःशीच बोलायला लागले. आवाज तो काय, डमीचा. पुसायलाच ठेवलेला. ज्यांनी गाणं केलं त्यांनीच फेकून दिला, मी कोण मोठा लागून गेलोय? छकू एकदा ऐकेल, रडेल आणि डबी कपाटात ठेवून देईल. ट्रॅक पन्नास लोक गातील. आणि तो छकूच्या आईचाच ट्रॅक नाही का? एक प्रकारे तिचंच नाव होईल. अशी मनाची सगळी फरशी धुऊनपुसून स्वच्छ झाल्यावर नाना म्हणाले, "वाद्यं घ्या."

"आवाज जाईल."

"जाऊ दे."

"कोणाचा आहे?"

"घरातलीच होती एक. आता नाही."

टेपवाल्याने डबीवरची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "मी काय म्हणतो, पहिल्या दोन ओळी आवाजाच्या घेऊ. तेवढ्यानंतर वायर बदलतो. आठवण राहील."

नाना खुर्चीतून अर्धे उठले. "अहो नको नको! सुरुवातीची बासरी तुटेल ना!"

 टेपवाल्याने वाद्यांची वायर लावली, बटण दाबलं, नानांच्या कानांवर हेडफोन चढवला. आणि बासरी आली. काय बासरी हो! वाजवणाऱ्याचे ओठ लागलेले कळत होते. मागून व्हायोलिन, मागून कोणीतरी हळूच खाकरल्यासारखं, बहुधा ड्रमवाला. भुताचा मागमूस नाही. नानांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं. गाणं संपेपर्यंत यंत्राखाली तपकिरी भुकटीचा छोटा ढीग झाला होता. टेपवाल्याने तो ओल्या फडक्याने पुसला आणि फडकं डब्यात टाकलं.

छकूचा फोन आला तेव्हा नाना आरशासमोर सराव करत होते.

"बाबा, झालं का?"

"झालं! अप्रतिम आलंय. काल काढल्यासारखं."

 पलीकडे ती रडत हसली. "कशी गायलीय हो?"

 इथे खरं सांगता आलं असतं. आजही सांगता येतं, उद्याही येतं, पण रविवार आधी येऊ दे, एवढंच त्यांच्या डोक्यात. "तूच ऐक की. रविवारी हॉलवर ये. मोठे स्पीकर आहेत."

"आधी मला एकटीला ऐकवा ना बाबा. लोकांसमोर मला रडू येईल."

"अगं, गंमत ठेवलीय मी. शेवटचं गाणं आहे आपलं. शेवटचं!"

"आपलं" म्हणाले ते. छकूने त्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तिने चिंगीला सांगून टाकलं की रविवारी आजी गाणार आहे.

रविवारी हॉल खच्चून भरला. चहाच्या सुटीनंतरही कोणी दारात रेंगाळलं नाही, उलट शेजारच्या मंडळांतले लोक मागे उभे. टेपवाल्याला पहिल्या रांगेत बसवून फुलांचा गुच्छ दिला. छकू तिसऱ्या रांगेत, आईची निळी शाल पांघरून. चिंगी मांडीवर. अध्यक्षांनी माइक घेतला, "ज्याची आपण सगळे वाट पाहत होतो!" दिवे मंद झाले.

बासरी सुरू झाली आणि हॉलच्या तोंडून एकदम "आहाहा" निघालं. लोकांनी एकमेकांचे दंड धरले. मागच्या रांगेतला एक गृहस्थ तर उभाच राहिला. छकूने डोळे मिटले. तिने चिंगीच्या ओठांवर बोट ठेवलं, दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर. स्टेजच्या कडेला नाना उभे आहेत हे तिने पाहिलं होतं, पण तिला वाटलं, ट्रॅक लावायला उभे असतील. व्हायोलिन वर चढलं, थांबलं. आता आवाज यायचा.

आला तो नानांचा.

छकूने डोळे उघडले. तिला आधी वाटलं, बाबा पहिली ओळ म्हणून थांबतील. मग वाटलं, आई खालून असेल, लक्ष देऊन ऐकलं तर मिळेल. ती पुढे वाकली. एका स्पीकरकडे कान केला, मग दुसऱ्याकडे. पूर्ण कडवंभर ती आईला शोधत होती. आणि नाना, देवा रे, त्या दिवशी नाना जन्मात गायले नव्हते इतके चांगले गात होते.

कडवं संपलं, वाद्यांचा तुकडा सुरू व्हायच्या आधी अर्धा श्वास शांतता असते. त्या शांततेत चिंगीचा खणखणीत आवाज आला, "आई, आजी कधी गाणार?"

लोक कौतुकाने हसले. छकू उठली आणि पोरीला घेऊन बाहेर गेली.

गाणं संपलं तेव्हा टाळ्यांनी खिडक्या थरथरल्या. पण नाना वाकेपर्यंत सगळे लॅपटॉपभोवती गोळा झाले होते, हातात पेनड्राइव्ह घेऊन. "मला आधी!" "ढकलू नका हो!" "बासरी ऐकलीत? ओठ ऐकलेत ओठ?" नाना कसं गायले हे एकानेही विचारलं नाही. तेवढ्यात अध्यक्ष माइकवर आले, "वन्स मोअरचा आग्रह आहे! ट्रॅक आता आपल्या सगळ्यांचा. तर डॉक्टरसाहेब, या!" आणि दाताचे डॉक्टर रुमाल घडी करत स्टेजवर चढले. नानांच्या हातातून माइक कोणी घेतला तेसुद्धा त्यांना कळलं नाही.

नाना बाहेर आले. जिन्याजवळ चहाचं टेबल होतं. छकू तिथे उभी होती. चिंगी बिस्किट खात होती. टेपवाला गुच्छ काखेत मारून घरी निघाला होता, त्याला छकूने अडवलं होतं.

"आवाज कुठे आहे काका? आईचा?"

"आई?" टेपवाल्याने नानांकडे पाहिलं, पुन्हा छकूकडे पाहिलं. गुच्छ त्याने टेबलावर ठेवून दिला. "मी म्हटलं होतं पोरी. एकच घेता येईल म्हटलं, दोन महिने थांबलात तर दोन्ही देतो म्हटलं. तुझ्या आईचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. असतं तर मी हात लावला नसता."

तो जिना उतरून गेला.  आत बासरी पुन्हा सुरू झाली.

"दोन महिने बाबा?"

"अगं, डॉक्टरांचा ट्रॅक येत होता..." बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते कसं वाटतंय ते ऐकू आलं, आणि ते थांबले.

"थोडं तरी ऐकलंत? एखादी ओळ?"

"नाही."

"मग आठवून सांगा." ती ओरडली नाही, याचीच नानांना जास्त धडकी भरली. "लग्न झाल्यावर कधीतरी गुणगुणली असेल. मला झोपवताना, भांडी घासताना. तुम्ही होतात घरात. तुमचे कान चांगले होते. मोठा होता की बारीक? कसा होता?"

नानांनी खरंच आठवून पाहिलं. स्वयंपाकघर आठवलं, तिची पाठ आठवली, पदर खोचलेला आठवला. तिचे ओठ हलतानासुद्धा दिसले. पण आवाज म्हणून जो आला तो खिडकीच्या मूळ गायिकेचा, रेकॉर्डवरचा.

"गोड होता," ते म्हणाले.

छकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आत डॉक्टरांनी पहिली ओळ उचलली, ती नेहमीप्रमाणे जरा आधीच. आणि नानांनी नकळत मान तिकडे वळवली, कपाळाला आठी घातली, उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. एक दोन, एक दोन. लक्षात आल्यावर त्यांनी हात खिशात घातला, पण खिसाही हलतच होता.

छकूने ते पाहिलं. तिने चिंगीच्या तोंडावरचा चुरा शालीच्या टोकाने पुसला, तिला कडेवर घेतलं.

"जा बाबा, आत जा," ती म्हणाली. "ते डॉक्टर चुकतायत."

ती जिन्यावरून दिसेनाशी होईपर्यंत नाना टेबलाला धरून उभे होते. मग दुसरं कडवं जवळ आलं, तसे ते आत गेले.